हे काम सोडले, तर अप्पांना सोडल्यासारखे होईल का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पत्रलेखिका ३९ वर्षांच्या असून मुंबईच्या पूर्व उपनगरात राहतात. त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे अप्पा म्हणत, भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. कारखान्याला टाळे लागल्यानंतर वर्षभराने, १९९९ साली, अप्पांनी आपले जीवन संपवले. तेव्हा या १३ वर्षांच्या होत्या आणि दादा १७ वर्षांचा. आई आजही नातेवाइकांना 'हार्ट अटॅकने गेले' असेच सांगते. दादा जहाजावर नोकरी करतो आणि या विषयावर बोलत नाही. पत्रलेखिकेने गणितात बी.एस्सी. केल्यानंतर समुपदेशनाचे शिक्षण घेतले. गेली १४ वर्षे त्या एका संस्थेत आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करतात: आठवड्यातून दोन रात्री हेल्पलाइनचा फोन आणि दिवसा महापालिकेच्या शाळांतील शिक्षकांची प्रशिक्षणे. आता संस्थेने त्यांना शहराच्या कार्यक्रमाचे प्रमुखपद देऊ केले आहे. येत्या १० सप्टेंबरला, जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनी, त्यांनी व्यासपीठावरून स्वतःची कहाणी सांगावी असाही आग्रह आहे. 'तुमची कहाणी हीच तुमची खरी पात्रता आहे,' असे संचालकांनी त्यांना सांगितले. पण फोनच्या रात्रींनंतर त्यांना झोप लागत नाही आणि कित्येक महिन्यांपासून एका रात्रशाळेत गणित शिकवायला जावे असे मनात येते. त्या विचारतात: 'हे काम सोडले, तर अप्पांना दुसऱ्यांदा सोडल्यासारखे होईल का?'

सप्रेम नमस्कार.

पद घ्यावे की सोडावे, हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी विचारला आहे, पण पत्राचा मोठा भाग त्याबद्दल नाही. तो एका व्हर्निअर कॅलिपरबद्दल, म्हणजे कारागिराच्या बारीक मापे घेण्याच्या अवजाराबद्दल आहे, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही लिहिता की जाण्याच्या आठवडाभर आधी अप्पांनी आपले व्हर्निअर कॅलिपर तुमच्या हातात दिले आणि 'तुझ्याकडे राहू दे' एवढेच म्हणाले. पुढे आईने तुमच्या शाळेच्या फीसाठी अवजारांची पेटी विकली, तेव्हा तुम्ही ते दप्तरात लपवलेत, आणि आज ते तुमच्या कार्यालयातील टेबलाच्या खणात आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात तुम्ही धोक्याची लक्षणे सांगता, त्यांतील चौथा मुद्दा 'आवडीच्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकणे' हा असतो, आणि १४ वर्षांत एकदाही तो मुद्दा तुम्ही समोरच्यांकडे पाहून सांगितलेला नाही. तुम्ही पडद्याकडे वळता आणि पुढची स्लाइड लावता.

वडिलांनी दिलेली वस्तू तुमच्याजवळ बारा-तेरा वर्षे निव्वळ भेट म्हणून होती. तुम्ही या क्षेत्रात शिकायला आलात, लक्षणांची यादी पाठ केलीत, आणि त्या यादीने ती भेट तुमच्यावरच्या आरोपात बदलली. ज्या ज्ञानाने तुम्ही आज इतरांना सावध करता, तेच ज्ञान तुम्ही मागे नेऊन १३ वर्षांच्या मुलीच्या हातात ठेवले आणि तिला विचारले की तुला कळले कसे नाही. तिच्याजवळ ते ज्ञान नव्हते. १९९९ साली ते तुमच्या शाळेतील शिक्षकांजवळ नव्हते, चाळीतील शेजाऱ्यांजवळ नव्हते, अप्पा ज्या डॉक्टरांकडे निद्रानाशासाठी जात होते त्यांच्याजवळही बहुधा नव्हते. शिवाय ही लक्षणे एकेकटी घेऊन निदान करण्यासाठी नसतात, हे तुम्ही स्वतः शिक्षकांना शिकवता. कारखाना बंद झालेल्या फिटरने आपले अवजार गणितात हुशार असलेल्या मुलीला दिले, यात निरोप होता की केवळ विश्वास होता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. मी ते सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू शकत नाही. दोन्ही शक्यता मनात एकत्र ठेवाव्या लागतील, आणि ते अवघड आहे हे मी जाणते.

'कारखाना बंद पडला म्हणून अप्पा गेले' हे वाक्यही पत्रात तीन वेळा आले आहे. लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक करून बंद पडताना आणि त्या जागी मॉल व टॉवर उभे राहताना या शहराने पाहिले. त्या काळात हजारो घरांची मिळकत तुटली, आणि त्या घरांत जे भोगले गेले ते लहान नव्हते. तरीही आत्महत्येला एकच कारण नसते. आर्थिक ओढाताण, उपचार न झालेले नैराश्य, व्यसन, अपमान, एकटेपणा, अशा अनेक गोष्टी एकाच वेळी एका माणसावर येतात, आणि बाहेरून आपल्याला त्यांतील एखादीच दिसते. एकाच कारणाचे वाक्य आपण धरून ठेवतो, कारण ते ओझे उचलण्याजोगे करते. परंतु त्याच मापाने 'मी ओळखले असते तर ते राहिले असते' हेही वाक्य खरे वाटू लागते, आणि तेही तितकेच अपुरे आहे.

आता कामाकडे येऊ. तुमच्या पत्रात 'ऋण' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. अप्पांच्या जाण्यातून हे काम सुरू झाले, म्हणून ते फेडल्याशिवाय सोडता येत नाही, अशी तुमची धारणा दिसते. मी विचारते, हे ऋण फिटल्याचे कोण सांगणार? फोनवरची किती माणसे सकाळपर्यंत सुखरूप राहिली म्हणजे हिशेब पुरा होईल? २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांचा आत्महत्येने मृत्यू झाल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे; त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होती, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. मृतांत दर दहांमागे सात पुरुष होते, त्यांतील कितीतरी कोणाचे तरी अप्पा असतील. या आकड्यापुढे एका माणसाचे ऋण कधीच फिटणार नाही. ज्या कामाला शेवटची पावती नाही, ते काम ऋण समजून केले तर माणूस त्यात झिजून जातो. तेच काम व्यवसाय म्हणून, निवड म्हणून केले तर त्याला तास असतात, सुटी असते, वरिष्ठांचे मार्गदर्शन असते आणि निवृत्तीही असते.

मृत्यूतून काम उभे राहते, हे खरेच आहे, आणि मी ते कमी लेखत नाही. अमेरिकेचे सिनेटर हॅरी रीड यांच्या वडिलांनी १९७२ साली जीवन संपवले. रीड यांनी बरीच वर्षे त्याबद्दल जाहीरपणे बोलणे टाळले. पुढे १९९९ साली, म्हणजे तुमचे अप्पा गेले त्याच वर्षी, त्यांच्या ठरावावरून तेथील सिनेटने आत्महत्येने आपले माणूस गमावलेल्यांसाठी नोव्हेंबरातला एक शनिवार मुक्रर केला, आणि आता तो दिवस अनेक देशांत पाळला जातो. मला त्यांच्या उदाहरणात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही, की मधली २७ वर्षे वाया गेली असे कोणी म्हणत नाही. दुसरी ही, की त्यांचे सारे आयुष्य त्या एका मृत्यूने व्यापले नव्हते. ते आमदारकी-खासदारकीची शेकडो इतर कामे करणारे राजकारणी होते आणि हे त्यांतील एक काम होते.

याउलट, लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा या धर्मगुरूंनी संकटातील माणसांचे फोनवर ऐकून घेणारी 'समारिटन्स' ही सेवा सुरू केली, त्याच नावाची संस्था मुंबईतही आहे. त्यामागे त्यांनी तरुणपणी केलेला, आत्महत्येने गेलेल्या एका १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी होता. ती त्यांची कोणी नव्हती. म्हणजे हे काम उत्तम करण्यासाठी स्वतःच्या घरात आग लागलेली असावी लागत नाही. म्हणूनच संचालकांचे ते वाक्य मला पटत नाही. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण ते चुकत आहेत. तुमची पात्रता तुमचे शिक्षण आहे, १४ वर्षांचा सराव आहे, आणि मध्यरात्री घाईघाईने सल्ला न देता ऐकून घेण्याची तुमची सवय आहे. जखमेला पात्रता म्हटले की ती बरी होऊ देण्याची भीती वाटू लागते, आणि तुमच्या पत्रात ती भीती मला दिसते: 'मला झोप लागू लागली तर मी फोनवरच्या माणसाला कशी समजून घेणार?' असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही नीट झोपून आलात तर त्याला अधिक चांगले समजून घ्याल.

या बाबतीत अप्पांनी तुम्हाला शिकवलेलेच मला अधिक विश्वासाचे वाटते. माप घेण्याआधी व्हर्निअरचे जबडे पूर्ण मिटवायचे आणि दोन्ही पट्ट्यांवरची शून्ये जुळतात का ते पाहायचे. 'आधी शून्य बघ' असे ते म्हणत, हे तुम्हीच लिहिले आहे. शून्ये जुळत नसली तर कारागीर ते अवजार फेकून देत नाही. किती फरक आहे ते तो मोजून ठेवतो आणि प्रत्येक मापात तेवढा हिशेबात धरतो. तुमचे दुःख हा तुमच्या अवजारातला असा फरक आहे. त्यामुळे तुम्ही या कामाला अपात्र ठरत नाही आणि पात्रही ठरत नाही; तो किती आहे हे मात्र प्रत्येक पाळीच्या आधी ठाऊक असले पाहिजे. वडिलांच्या वयाचा, नोकरी गेलेला पुरुष फोनवर असतो त्या रात्री तो फरक वाढतो, हे तुमच्या वर्णनावरून स्पष्ट आहे. असे फोन दुसऱ्या सहकाऱ्याकडे देण्याची सोय मागणे यात कमीपणा नाही. ती सोय संस्थेने स्वतःहून करायला हवी होती, असे माझे मत आहे.

पर्याय तुम्ही दोनच मांडले आहेत: पद स्वीकारून व्यासपीठावर उभे राहणे, किंवा सारे सोडून रात्रशाळेत जाणे. मला हे दोन्ही निर्णय आज घेण्यासारखे वाटत नाहीत. झोप हरवलेल्या माणसाने राजीनामाही देऊ नये आणि बढतीही घेऊ नये. आधी तीन महिने रात्रीच्या फोनवरून सुटी मागा. प्रशिक्षणे झेपत असतील तर चालू ठेवा, चौथा मुद्दा मात्र या काळात सहकाऱ्याला घेऊ द्या. तुम्ही १४ वर्षे इतरांना समुपदेशकाकडे पाठवत आला आहात आणि स्वतः एकदाही गेलेल्या नाहीत, हे मी पत्रात दोनदा तपासून पाहिले. कृपया जा, आणि आपल्या संस्थेबाहेरच्या, ओळखीतल्या नसलेल्या व्यक्तीकडे जा. झोप सुधारत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांनाही भेटा. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारख्या संस्था तुमच्या घरापासून फार दूर नाहीत.

त्या तीन महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ रात्रशाळेत जाऊन बघा. नोकरी म्हणून नको, नुसते शिकवायला. तुम्ही ही ओढ चोरासारखी लिहिली आहे, जणू ती अप्पांपासून दूर नेणारी वाट आहे. पण त्याच पत्राच्या पहिल्या पानावर तुम्ही सांगता की अप्पा दिवसा कारखान्यात उमेदवारी करून रात्रशाळेतून मॅट्रिक झाले होते, आणि दिवाळीच्या सुटीत तुम्हाला अपूर्णांक शिकवत. त्यांच्यासोबत तुमची १३ वर्षे गेली, आणि त्यांच्या जाण्याचा दिवस त्यांतील एक होता. आपल्या माणसाचा मृत्यू असा झाला की तो शेवटचा दिवस मागच्या साऱ्या दिवसांवर बसून राहतो, आणि मग माणसाकडून आपल्याला काय मिळाले याच्या यादीत फक्त तेवढेच उरते. फळ्यापुढे उभ्या राहिलात तर तुम्ही अप्पांना सोडणार नाही. कदाचित त्यांना वेगळ्या बाजूने भेटाल, कदाचित पहिल्याच आठवड्यात कळेल की फोनची खोलीच तुमची जागा आहे. दोन्ही उत्तरे चालतील.

व्यासपीठाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. या सप्टेंबरात बोलू नका. ती कहाणी तुमची आहे तशी आईचीही आहे आणि दादाचीही, आणि त्या दोघांना अजून कोणी विचारलेले नाही. भाऊबंदांतील कोणाच्या तरी मोबाइलवर तुमचे भाषण पोहोचेल आणि २६ वर्षे 'हार्ट अटॅक' सांगणारी बाई भांडुपच्या त्याच चाळीत, त्याच शेजाऱ्यांसमोर उघडी पडेल. तुम्ही तिच्या सांगण्याला 'खोटे' म्हणता. १९९९ साली ते सांगणाऱ्या स्त्रीसमोर काय होते ते आठवून पाहा: दारात पोलीस, पंचनामा, अकस्मात मृत्यूची नोंद, दोन मुले, त्यांची उद्याची लग्ने. आत्महत्येचा प्रयत्न हा त्या काळी कायद्याने शिक्षेस पात्र गुन्हा होता आणि त्या कलमाची सावली मेलेल्या माणसाच्या घरावरही पडत असे. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी मदत द्यावी, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मान्य केले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिलेले नाही. कायद्याला जी समज यायला इतकी वर्षे लागली, तिची अपेक्षा आईकडून त्या एका रात्रीत करता येत नाही.

आणि आईने खरे सांगितलेच नाही, हेही मला पूर्ण खरे वाटत नाही. ती अप्पांचे श्राद्ध त्यांच्या मृत्यूच्या तिथीला न करता भाद्रपद वद्य चतुर्दशीला करते, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. दिनदर्शिकेत त्या दिवसापुढे 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असे छापलेले असते. ज्यांना अवचित, अनैसर्गिक मृत्यू आला त्यांच्यासाठी आपल्याकडे ही तिथी राखलेली आहे. हृदयविकाराने गेलेल्या नवऱ्याचे पान त्या दिवशी वाढले जात नाही. तोंडाने जे ती २६ वर्षांत बोलली नाही, ते ती दरवर्षी स्वयंपाक करून सांगते आहे. आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांची काळजी घेण्याच्या कामाला वेगळे नाव देणारे एडविन श्नाइडमन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ त्याला पुढच्या पिढीसाठीचे प्रतिबंधाचेच काम मानत. ते काम तुम्ही शहरभर करता. तुमच्या घरात ते अजून व्हायचे आहे.

दादाबद्दल थोडेच लिहिते. 'मी त्या दुःखाचे काहीतरी केले, तो पळाला,' असे तुम्ही म्हणता. १७ व्या वर्षी कॉलेज सोडून त्याने जहाजाची वाट धरली आणि घरी पैसे पाठवले. त्यातून तुमचे बी.एस्सी. झाले. दुःखातून समाजकार्य उभे राहिले की आपण त्याचा गौरव करतो, आणि ज्याने नुसते घर चालवले त्याला गप्प बसला म्हणतो. हे अन्यायाचे आहे.

पुढे कधी, घरातल्या दोघांची संमती घेऊन, तुम्हाला जाहीरपणे बोलावेसे वाटले, तर ज्यांच्यावर अशी वेळ येते त्या सर्वच वाचकांसाठी काही गोष्टी सांगते. मृत्यू कसा आणि कुठे झाला याचा तपशील सांगू नये. तो ऐकणाऱ्या अस्वस्थ माणसाला धोका पोहोचवू शकतो. काय सांगणार नाही हे आधी कागदावर लिहावे आणि संयोजकांना द्यावे. चित्रीकरण करू देण्याआधी दहा वर्षांनंतरचा विचार करावा, कारण बोललेले विसरले जाते, चित्रफीत राहते. त्या संध्याकाळी घरी एकटे परतू नये. आणि 'आत्महत्या केली' या शब्दप्रयोगाऐवजी 'आत्महत्येने मृत्यू झाला' किंवा 'जीवन संपवले' असे म्हणावे, कारण आपल्या भाषेत 'केली' हे क्रियापद चोरीला आणि हत्येलाही लागते.

अशा घरांतील ज्या वाचकांना स्वतःच्याच मनाची भीती वाटते, 'वडिलांचे झाले ते माझेही होईल का' असा प्रश्न रात्री पडतो, त्यांनी तो एकट्याने वागवू नये. कुटुंबात अशी घटना घडली असेल तर जोखीम काहीशी वाढते, म्हणून लवकर मदत घेणे चांगले. परंतु अशा घरांतील बहुसंख्य मुले आपले आयुष्य पूर्ण जगतात. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. तुम्ही स्वतः फोनच्या पलीकडच्या बाजूला बसता म्हणून हा क्रमांक तुमच्यासाठी नाही, असे कृपया समजू नका.

संचालकांना इतकेच कळवा की उत्तर तीन महिन्यांनी देईन आणि १० सप्टेंबरला बोलणार नाही. कारण द्यायची गरज नाही. त्यानंतर काही दिवसांनी चतुर्दशी येईल. त्या दिवशी रजा घेऊन सकाळीच भांडुपला जा, आईबरोबर स्वयंपाकाला लागा, आणि अप्पांना काय आवडे ते तिला सांगू द्या. त्यांच्या जाण्याबद्दल तुम्ही विचारायलाच हवे असे नाही. फक्त जाताना खणातले ते व्हर्निअर बरोबर न्या. पेटी विकली त्या दिवशी ते त्यातच गेले, असे ती अजून समजते आहे.